चार वेळा माझं नाव

माझ्या वेबसाइटवर चार चौकटी आहेत. लेखन, फिल्म, डिझाईन आणि ‘माझ्याविषयी’. पहिल्या तीन भरायला मला सहा वर्षं लागली. चौथीत तीन ओळी होत्या, त्या मी गेल्या मे महिन्यात काढून टाकल्या. का काढल्या, ते सांगायला हे लिहितेय.

आधी थोडं गावाबद्दल. पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने निघालात की बोपोडीचा सिग्नल लागतो, मग हॅरिस पूल. पूल उतरलात की दापोडी. पुणं तिथे संपतं आणि पिंपरी-चिंचवड सुरू होतं. सीएमईची न संपणारी भिंत, लोकलचं स्टेशन, एसटीचं वर्कशॉप, दाटीवाटीची घरं आणि आता डोक्यावरून जाणारी मेट्रो. मुळा आणि पवना आमच्या शेजारीच एकमेकींना मिळतात. उन्हाळ्यात जलपर्णी इतकी माजते की पाणी दिसतच नाही, क्रिकेट खेळता येईल असं हिरवंगार मैदान दिसतं.

कॉलेज पुलाच्या पलीकडे होतं. तिथे कुणी विचारलं, तर पहिलं वर्षभर मी ‘पुण्यातच राहते’ असं सांगायचे. ते अगदी खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

आता कामाबद्दल. हा माझ्यासाठी कायमच अवघड प्रश्न राहिलाय. उपयोजित कला शिकले, म्हणजे कागदोपत्री मी डिझायनर. कविता आठवीपासून लिहितेय. तीन शॉर्ट फिल्म केल्या, तिन्ही फोनवर. पोट मात्र भरतं ते वेगळ्याच गोष्टींवर. चाकणच्या कारखान्यांसाठी सेफ्टी पोस्टर, ‘हेल्मेट घाला’चे फलक, वार्षिक दिनाचे व्हिडिओ, कॅन्टीनमध्ये लावायचे ‘अन्न वाया घालवू नका’चे बोर्ड. चाकणच्या शॉप फ्लोअरवर मी शब्द, चित्र आणि व्हिडिओ असं तिन्ही स्वरूपांत लटकलेली आहे आणि तिथल्या एकाही माणसाला माझं नाव माहीत नाही.

चाळीतल्या काकू विचारतात, “म्हणजे नागराज मंजुळेसारखं का गं?” मी हसून “हो, तसंच” म्हणते. काकूंचं उदाहरण तसं चुकीचं नाही. मंजुळेंचा कवितासंग्रह आहे, ‘पिस्तुल्या’ ही शॉर्ट फिल्म आहे, मग २०१३ चा ‘फँड्री’ आणि २०१६ चा ‘सैराट’. कविता लिहिणारा माणूस सिनेमा करतो हे आमच्या चाळीला आता पटलंय. फक्त तो गाजलेला असला पाहिजे. गाजेपर्यंत त्याला ‘हिचं काही ठरत नाहीये’ असंच म्हणतात.

एका मुलाखतीत समोरच्या सरांनी माझी वेबसाइट वरखाली केली आणि म्हणाले, “काम चांगलंय. पण एक काय ते ठरव. रायटर आहेस की डिझायनर?” त्या वेळी उत्तर सुचलं नाही. घरी येताना, लोकलच्या दारात, अरुण कोलटकर सुचले. असं नेहमीच होतं, उत्तर खडकी गेल्यावर येतं.

कोलटकर जे. जे.त शिकलेले. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी जाहिरातीच्या धंद्यात आर्ट डायरेक्टर म्हणून काढला. त्याच काळात ते मराठीत आणि इंग्रजीत कविता लिहीत होते. १९७६ मध्ये ‘जेजुरी’ आलं, त्याला पुढच्या वर्षी राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. १९७७ मध्येच ‘अरुण कोलटकरच्या कविता’ आलं. काही कवी मित्रांनी मिळून ‘क्लिअरिंग हाउस’ नावाची प्रकाशनाची सहकारी मांडणी केली होती, तिच्या पुस्तकांची मुखपृष्ठंही त्यांनीच केली. त्यांना कुणी ‘एक काय ते ठरव’ म्हटलं असेल का, माहीत नाही. त्यांनी ठरवलं नाही एवढं मात्र दिसतं.

तेव्हा मला कोलटकरांकडून एवढंच हवं होतं, माझ्या तीन चौकटींना परवानगी. त्यांच्या आयुष्यातली दुसरी गोष्ट मला नंतर कळली. कवितांवर त्यांचं नाव आहे. जाहिरातींवर नाही. जाहिरातीवर ते नसतंच. दिवसभर केलेल्या कामावर साबणाचं, कापडाचं, कंपनीचं नाव. म्हणजे एकाच माणसाचं अर्धं काम नावानिशी उरतं आणि अर्धं बेवारशी होऊन जातं.

हे कळलं तेव्हा मी भयंकर चिडलेली होते. त्याचं कारण सांगते.

एका एजन्सीसाठी मी सहा पोस्टरांची मालिका केली होती. रात्रपाळीच्या कामगारांसाठी. त्यांची झोप, डोळे, घरी परतताना चालवलेली बाईक, असे विषय. घोषणा मीच लिहिल्या, चित्रं मीच काढली. पैसे उशिरा आणि ठरल्यापेक्षा कमी मिळाले, त्याचं मी मनावर घेतलं नाही. पण काही महिन्यांनी ती मालिका त्या एजन्सीच्या पानावर दिसली, एका पुरस्काराच्या बातमीसोबत. खाली पाच जणांची नावं. मी त्यांच्यात नव्हते. मेसेज केला तर उत्तर आलं, ‘फ्रीलान्सरची नावं टाकायची आपली पद्धत नाही.’ शेवटी एक हसरी इमोजी.

त्या इमोजीने मला लिहायला बसवलं. विषय ठरवला ‘नाव’. कुणाचं काम, कुणाचं नाव. मोठा, संतापलेला लेख लिहायचा होता. त्यासाठी मी उदाहरणं गोळा करू लागले.

पहिलं उदाहरण फोनमागेच लपलेलं होतं. तुम्ही विंडोजच्या कॉम्प्युटरवर कधी मराठी टाईप केलं असेल, तर बरीच वर्षं जे देवनागरी अक्षर आपोआप उमटायचं त्याचं नाव ‘मंगल’. ते र. कृ. जोशींनी घडवलं. हे जोशीसुद्धा माझ्यासारखेच ‘न ठरलेले’. सुलेखनकार, कवी, जाहिरात क्षेत्रातले माणूस, पुढे शिक्षक. २००८ मध्ये ते गेले. त्यांचं अक्षर किती सरकारी पत्रांत, किती लग्नपत्रिकांत, किती रिझ्युमेंत गेलं असेल. माझा स्वतःचा पहिला रिझ्युमे ‘मंगल’मध्ये होता. मला जोशींचं नाव कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी कळलं.

दुसरं उदाहरण शोधताना मी सहज दापोडीचं नाव टाकून पाहिलं. आपल्या गावात कधी कुणी चित्रकार होता का, एवढाच प्रश्न होता. आणि मला थेट एडिनबरा सापडलं.

गोष्ट अशी. १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी दापोडीतला एक बंगला सरकारसाठी घेतला आणि तिथे वनस्पती उद्यान सुरू झालं. इंग्रज या गावाला ‘दापुरी’ म्हणत. १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन नावाचे स्कॉटिश डॉक्टर त्या उद्यानाचे अधीक्षक होते, पुढे ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षकही झाले. १८४७ ते १८५० या काळात गिब्सननी उद्यानातल्या झाडांची चित्रं काढून घेतली. दीडशेहून जास्त चित्रं. आज ती एडिनबऱ्याच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवलेली आहेत. हेन्री नोल्टी या अभ्यासकाने २००२ मध्ये त्यांच्यावर सुंदर पुस्तक केलं, त्याच्या नावातच ‘दापुरी’ आहे.

मी त्यातली काही चित्रं फोनवर मोठी करून पाहिली. पानाची शीर, देठाचा वाक, कळीवरचा हलका रंग. हॅरिस पुलापासून चालत जाता येईल अशा कुठल्यातरी जागी, पावणेदोनशे वर्षांपूर्वी, कुणीतरी बसून हे काढलं होतं. माझ्या गावाने काढलेली इतकी नाजूक गोष्ट मी पहिल्यांदाच पाहत होते. पप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “हात कुणाचा?”

हात कुणाचा, ते नोंदलेलं नाही. चित्रकार ‘पोर्तुगीज इंडियन’ होता, एवढाच उल्लेख उरलाय. गिब्सनचं नाव आहे, झाडांची लॅटिन नावं आहेत, गावाचं नाव आहे. काढणाऱ्याचं नाव नाही.

मला माझा लेख मिळाला होता. एजन्सी, जोशी, दापोडीचा बेनाम चित्रकार. तीन रात्रींत लिहून काढला. शेवट तर इतका खणखणीत होता की मी तो मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवला. लोकांनी खूप शेअर केला. तेव्हाच वेबसाइटच्या चौथ्या चौकटीत मी त्या तीन ओळी टाकल्या, ‘माझं काम नावं पुसली गेलेल्या माणसांबद्दल आहे’, अशा अर्थाच्या.

आता माझ्या तिसऱ्या फिल्मबद्दल सांगायला हवं.

पप्पा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये पेंटर होते. आता निवृत्त आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एसटीची अशी तीन मध्यवर्ती वर्कशॉप आहेत. दापोडी, छत्रपती संभाजीनगरजवळचं चिकलठाणा आणि नागपूरचं हिंगणा. कंपनीकडून येते ती नुसती चॅसिस, म्हणजे इंजिन, चाकं आणि सांगाडा. तिच्यावर वर्कशॉपमध्ये पत्रा चढतो, खिडक्या बसतात, सीट बसतात, रंग लागतो. या सगळ्याला आमच्या घरात एकच शब्द होता, ‘बॉडी’. “आज किती बॉड्या गेल्या?” हा आईचा संध्याकाळचा प्रश्न. लहानपणी पाहुण्यांसमोर हे विचारलं की ते घाबरायचे.

कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडम ‘बॉडी ऑफ वर्क’ म्हणाल्या, तेव्हा वर्गात मी एकटीच हसले. माझ्या डोळ्यासमोर लाल गाडी आली.

फिल्मचं नाव म्हणूनच ‘बॉडी’ ठेवलं. अकरा मिनिटांची. वर्कशॉपच्या आत शूटिंगची परवानगी मागायचं धाडस काही मला झालं नाही, त्यामुळे सगळं बाहेरचं आहे. गेटमधून निघणारी नवी गाडी, सुट्टीच्या वेळी बाहेर पडणारी माणसं, समोरची चहाची टपरी, आणि आमच्या घरात बसलेले पप्पा. फक्त त्यांचे हात. चेहरा त्यांनीच घेऊ दिला नाही.

शीर्षकासाठी मी खूप फॉन्ट पाहिले. एकही बसेना. मग पप्पांनी माळ्यावरून पत्र्याचा एक तुकडा काढला. घासला, पुसला, त्यावर खडूचा दोरा ताणून दोन रेघा उमटवल्या आणि चपट्या ब्रशने लिहिलं, ‘बॉडी’. लाल रंगात. दोन अक्षरं, पण अर्धा तास लागला. ‘ड’ला त्यांनी तीनदा पुसलं. मला म्हणाले, “ब्रश कुठं टेकवायचा हे कुणीपण शिकतं. कुठं उचलायचा ते शिकायला वर्षं जातात. उशिरा उचलला की रंग ओघळतो.” मी पत्र्याचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर कडा साफ केल्या, दुसऱ्या वेलांटीचा गोल थोडा आत घेतला आणि पडद्यावर टाकलं.

ती फिल्म एका छोट्या महोत्सवात निवडली गेली. माझा तो लेख फिरत होता त्याच महिन्यात. घरी लिंक आली म्हणून मी फोन टीव्हीला जोडला. आईने पिको-फॉलची मशीन बंद केली. पप्पा खुर्ची ओढून पुढे बसले. अकरा मिनिटं कुणी बोललं नाही. गेटमधून गाडी निघाली तेव्हा पप्पांनी हळूच नंबर वाचला, बाकी काही नाही. मग शेवटची नावं आली.

लेखन, आणि माझं नाव. दिग्दर्शन, आणि माझं नाव. छायाचित्रण व संकलन, माझं नाव. शीर्षक डिझाईन, माझं नाव.

पप्पा म्हणाले, “छान झालंय. संकलन म्हणजे काय गं?” मी सांगितलं. ते “बरं बरं” म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला उठले.

आई टीव्हीकडेच बघत होती. म्हणाली, “पण अक्षरं तर ह्यांची आहेत ना?”

मी काहीतरी सांगायला लागले. डिझाईन म्हणजे नुसतं लिहिणं नसतं, ते स्वच्छ करावं लागतं, पडद्यावर कुठे किती मोठं यायचं ते ठरवावं लागतं. हे बोलता बोलता मला माझाच आवाज ओळखीचा वाटला. ‘आपली पद्धत नाही.’ फक्त हसरी इमोजी तेवढी राहिली होती.

त्या रात्री मी लॅपटॉप उघडून तो लेख पुन्हा वाचला. त्यातला दापोडीच्या चित्रकाराचा परिच्छेद वाचवेना. दीडशे चित्रांवर नाव नाही म्हणून मी केवढी कळवळले होते. आणि दोन अक्षरांवरचं नाव मी स्वतः, माझ्या हाताने, माझ्या घरात गाळलं होतं. मुद्दाम नाही. मला सुचलंच नाही. तेच जास्त लागलं. गिब्सनलाही बहुधा सुचलं नसेल. एजन्सीतल्या त्या माणसालाही, कुणास ठाऊक. नाव पुसायला दुष्ट माणूस लागतो असं माझ्या लेखात गृहीत होतं. मी तर आपल्या बापावर फिल्म करणारी प्रेमळ मुलगी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांना म्हटलं, “पप्पा, शेवटची पाटी बदलते. अक्षरलेखन म्हणून तुमचं नाव टाकते.”

“नको.”

“का?”

“माझं एकट्याचं कसं टाकतेस?” ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले. “ते गाडीचं पिक्चर आहे ना? गाडी काय एकटा पेंटर बांधतो? पत्रेवाला आहे, वेल्डर आहे, सुतार आहे, सीटवाला आहे, वायरिंगवाला आहे. मी शेवटी जाऊन रंग मारणार. आणि अक्षरं म्हणशील, तर ती पण माझी कुठं आहेत? मला उस्तादांनी शिकवली.”

“उस्तादांचं नाव काय?”

पप्पा थांबले. बराच वेळ थांबले. “सगळे उस्तादच म्हणायचे,” म्हणाले. “मी नवीन होतो तेव्हा ते रिटायर व्हायला आले होते. नाव... कागदावर असेल कुठंतरी.”

मग त्यांनी स्वतःच विचार केला आणि म्हणाले, “टाकायचं तर सगळ्यांचं टाक. नाहीतर राहू दे.”

मी म्हटलं, “लिहून द्या.”

त्यांना वाटलं होतं मी नाद सोडेन. मी आईच्या हिशेबाची जुनी वही आणून दिली. पुढचे पंधरा दिवस ते नावं लिहीत होते. एकदम नाही. आंघोळीला जाताना एखादं आठवायचं, ओल्या हाताने येऊन लिहायचे. जुन्या मित्रांना फोन झाले. एका फोनवर तासभर गप्पा झाल्या आणि यादीत एकच नाव वाढलं. दोन फोन असे होते की समोरून बायकोने किंवा मुलाने उचलले आणि पप्पा नुसतंच “कधी?” म्हणाले. ती नावं त्यांनी इतरांसारखीच लिहिली, पुढे काही खूण केली नाही.

यादी त्रेसष्टवर थांबली. त्यातल्या नऊ जणांची फक्त हाक मारायची नावं आहेत. एका ओळीत नावच नाही, ‘डब्यात रोज कारल्याची भाजी आणणारा वेल्डर’ एवढंच आहे. मी विचारलं, हे असंच टाकू? पप्पा म्हणाले, “असंच टाक. बघितलं तर त्याला कळेल.” उस्ताद पहिल्या ओळीत आहेत, ‘उस्ताद’ म्हणूनच. आणि बासष्टाव्या ओळीत, दोन सुतारांच्या मध्ये, पप्पांचं नाव आहे. ते शोधावं लागतं. तसंच पाहिजे म्हणाले.

आता फिल्म साडेतेरा मिनिटांची झालीय. एका ठिकाणी ‘शेवटची नावं फार लांबतात, कापता येतील का’ असं विचारलं. मी नाही म्हटलं. ती तिथे दाखवली गेली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ती जागा चांगली होती. माझं नावही अजून त्या पाटीवर आहेच, पण एकदाच, केलेली तिन्ही कामं एका ओळीत लिहून.

तो लेख मी काढून टाकला नाही. त्यात जे लिहिलंय ते खोटं नाही. फक्त खाली एक परिच्छेद जोडलाय, शीर्षकाची अक्षरं कुणाची आणि मी काय केलं होतं, त्याचा. तो कुणी शेअर केला नाही. एजन्सीशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मी ते सोडणारही नाही. मी चुकले म्हणून त्यांचं बरोबर ठरत नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी पप्पा आणि मी मेट्रोने सिव्हिल कोर्टाकडे चाललो होतो. दापोडी स्टेशनच्या फलाटावर उभं राहिलं की खालचा रस्ता दिसतो. एक लाल गाडी पुलाकडे निघाली होती. पप्पा रेलिंगला टेकून बघत म्हणाले, “ही आमची नाही. चिकलठाण्याची असणार.”

“कशावरून?”

“अक्षरावरून,” म्हणाले, आणि पुढे काही सांगायच्या आत मेट्रो आली.

चौथी चौकट अजून रिकामी आहे. तिथे काय लिहायचं ते ठरलं की लिहीन. घाई नाही. सध्या त्या जागी आईच्या वहीतल्या पानांचे फोटो टाकलेत. पप्पांचं अक्षर आहे, वाचता येतं.